एकतीस चिमण्या

डॉक्टर कुमागाई पेनाच्या टोकानं एकेक चिमणी मोजत होते. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. शेवटच्या रिकाम्या चौकोनाशी पेन थांबलं आणि त्यांनी चष्म्यावरून फुमिएकडे पाहिलं.

"एकही खाडा नाही! निशिओ-सान, असं कार्ड तर धडधाकट पोरांचंही नसतं."

फुमिएनं मान डोलावली खरी, पण तिचा हात मुलीच्या टोपीवरच राहिला. चिनात्सु तिच्या मांडीवर डोकं टेकून बाकावर आडवी झाली होती. अकरा वर्षांची पोर, ट्यूबलाइट डोळ्यांना टोचते म्हणून टोपी नाकापर्यंत ओढलेली. दवाखान्याच्या सात पायऱ्या तिला पाठुंगळी घेऊन चढाव्या लागल्या होत्या.

ऑगस्टच्या उन्हाळी सुट्टीत आळीतली मुलं सकाळी साडेसहाला देवळापुढच्या मैदानात जमायची. रेडिओच्या तालावर हातपाय हलवायची, आणि घरी निघताना गळ्यातल्या कार्डावर त्या दिवसाचा शिक्का घ्यायची. यंदाच्या शिक्क्यात चिमणी होती. शिक्का मारायचं काम फुमिएच्या वडिलांकडे, गेन्किची आजोबांकडे होतं. चिनात्सुनं रोज कवायतीला जावं आणि दर आठवड्याला पाच मिनिटं जास्त चालावं, हे ऑगस्टच्या पहिल्या तारखेला डॉक्टरांनीच लिहून दिलं होतं.

"पण डॉक्टर, ती... ती कमीच होत चाललीय," फुमिए म्हणाली. "जुलैत स्वतःचे केस विंचरायची. आता कंगवा धरवत नाही."

"कार्ड काय म्हणतं?"

"कार्ड भरलंय."

"मग? शरीर रोज मैदानात जातं, तिथून परत येतं. म्हणजे शरीरात बळ आहे. अंथरुणाची सवय लागलीय, ती मोडायला हवी. आमचे गुरुजी वॉर्डात सांगायचे, थकलेल्या मुलाला आडवं होऊ दिलंत तर उभं करताना तुम्हीच थकाल. चाळीस वर्षं मी तेच करत आलोय."

टेबलावर त्यांची उपचारांची जुनी पुस्तिका होती, पानं चहाच्या रंगाची झालेली. तिच्याशेजारी जिल्ह्याच्या रुग्णालयाच्या नावानं लिहिलेलं पत्र. सप्टेंबरपासून चिनात्सुनं तिथल्या वॉर्डात राहायचं, तिथेच शिकायचं, आणि ठरल्या वेळापत्रकानं व्यायाम करायचा. पत्रावर फक्त डॉक्टरांच्या नावाची मोहोर उठायची बाकी होती. लाल शाईच्या डबीचं झाकण उघडं होतं.

मासळीच्या वड्यांच्या कारखान्यात फुमिएची पाळी पहाटे पाचची. मैदानातली सकाळ तिनं एकदाही पाहिली नव्हती. संध्याकाळी घरी आली की ती आधी फ्रिजवर चिकटवलेलं कार्ड बघायची. एक चिमणी वाढलेली असायची. मग आतल्या खोलीत डोकवायची, तर पोर काल होती त्याहून पांढरी. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, हे तिला उमगत नव्हतं. शेजारच्या ओकिनो काकू कुंपणावरून म्हणायच्या, "आमच्या काळी थकायला सवडच नव्हती बाई!" फुमिए हसून आत यायची आणि उगाचच पुन्हा कार्डासमोर उभी राहायची.

"चिनात्सु," ती आता हळू म्हणाली, "तू रोज जात होतीस ना?"

टोपी थोडी कोपऱ्याकडे वळली.

कोपऱ्यात आजोबा गवती हॅट गुडघ्यांवर धरून बसले होते. हॅटची कड बोटांनी गोल गोल फिरत होती.

"डॉक्टर," ते म्हणाले, "मोजल्यात, पण बघितल्या नाहीत तुम्ही."

"काय बघायचं?"

"चिमण्यांचे पाय."

डॉक्टरांनी कार्ड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. काही चिमण्या सरळ उभ्या होत्या. काहींचे पाय आभाळाकडे होते.

"घाईत मारलेत."

"चाळीस वर्षं टपालात शिक्के मारलेत मी. घाईतही वाकडा पडला नाही कधी." आजोबांनी हॅट थांबवली. "सरळ आहेत त्या दिवशी ती आली. उलट्या आहेत त्या दिवशी उठलीच नाही. कवायत संपली की शिक्का घरी न्यायचो आणि तिच्या उशाशी बसून मारायचो."

"बाबा!"

"म्हणजे खोटी हजेरी लावलीत," डॉक्टर म्हणाले.

"खोटा शिक्का हातून व्हायचा नाही माझ्या. म्हणून तर उलटा मारला." मग लेकीकडे न बघता ते म्हणाले, "उद्या कार्ड भरलेल्या मुलांची नावं पुकारतात. पोरं हिला झोपाळू म्हैस म्हणतात. आणि तू, फुमिए, कामावरून येऊन त्या फ्रिजसमोर उभी राहायचीस. तेवढाच वेळ तुझा चेहरा सैल असायचा. सांगू कसं?"

रोज संध्याकाळी फुमिएनंही चिमण्या मोजल्याच होत्या.

"आजोबा गाणंपण म्हणायचे," टोपीखालून आवाज आला. "कायच्या काय."

"कुठलं गाणं?" डॉक्टरांनी विचारलं. वर्षभरात त्यांनी चिनात्सुला थेट काही विचारलेलं फुमिएला आठवत नव्हतं. उत्तरं नेहमी तिनंच दिली होती.

चिनात्सुनं पुटपुटत म्हटलं,

"चिमणी निजली पाय वर करून,
सूर्याला म्हणावं, ये नंतर फिरून."

आणि दम लागून गप्प झाली. दोन ओळींचाच तो दम होता. डॉक्टर तो ऐकत राहिले.

मग ते कार्डावर वाकले. पेनाचं टोक पुन्हा पहिल्या चौकोनावर आलं, पण या वेळी ते मोजत नव्हते.

"सरळ. सरळ. मग उलट्या दोन. सरळ. उलट्या तीन... या सरळ दिवसांनी काय केलं होतं?"

"कवायत, आणि तुम्ही सांगितलेलं चालणं," आजोबा म्हणाले. "घरी यायची तेव्हा बरी असायची हो. मलाही वाटायचं, जमलं! दुसऱ्या दिवशी भात भरवावा लागायचा."

"आणि ही ओळ? इथे पाच उलट्या."

"बंदराच्या धक्क्यापर्यंत चाललो त्यानंतरच्या. पाच मिनिटं वाढवली होती ना तुम्ही."

पेन पुढे सरकलं. सरळ चिमण्या विरळ होत गेल्या. शेवटच्या ओळीत एकच होती.

"असं व्हायला नको," डॉक्टर म्हणाले. ते कुणाला म्हणाले ते कळलं नाही. त्यांनी पुस्तिका उघडली, एक पान वाचलं, मागचं वाचलं, पुन्हा पुढचं वाचलं. "व्यायामानं वाढायला हवं. इथे तर..." त्यांनी चष्मा काढला, तो पुसला नाहीच, तसाच परत लावला. वैद्यकीच्या परीक्षेत प्रश्न चुकीचा छापलाय की आपलं उत्तर चुकलंय, हे न कळलेल्या मुलासारखे ते दिसत होते.

"त्सुरु-सान," त्यांनी नर्सला हाक मारली, "ते पाकीट द्या. वैद्यकीय मंडळाकडून आलेलं. असल्या थकव्यावरच्या नव्या सूचनांचं."

"कुठलं? पंख्याखालचं?" त्सुरु-सान दारातच थबकल्या. "तीन वर्षं झाली त्याला. काढलं तर पंखा डुगडुगेल हं, डॉक्टर."

"डुगडुगू दे."

पाकीट आलं. पंखा एका अंगाला कलून खडखडू लागला. डॉक्टरांनी पाकीट फोडलं, पहिलं पान उभ्या उभ्या वाचलं, खाली बसून पुन्हा वाचलं. फुमिए त्यांच्या चेहऱ्यावरून काही उमगतंय का बघत होती. काहीच उमगलं नाही. त्यांनी पाकीट मिटून पत्रावर ठेवलं. पत्र पूर्ण झाकलं गेलं.

"पत्र, डॉक्टर?" तिनं विचारलं. "सोमवारी न्यायचंय ना तिला?"

"मला आधी वाचायला हवं." ते थांबले. "सगळंच."

फुमिएचा हात टोपीवरून मुलीच्या गालावर आला. हायसं वाटावं की पायाखालची जमीन सरकावी, तिचं तिलाच ठरेना. इतके दिवस निदान डॉक्टरांना तरी काय करायचं ते नक्की ठाऊक होतं.

डॉक्टर खुर्ची सरकवत बाकाशी आले आणि इतके खाली वाकले, की त्यांचं तोंड टोपीच्या पातळीला आलं.

"चिनात्सु-चान. आज इथवर आलीस. उद्या कसं वाटेल?"

टोपी थोडी वर झाली. एक डोळा किलकिला झाला.

"उद्या उलटी चिमणी," ती म्हणाली. "परवापण."

डॉक्टरांनी आजोबांपुढे तळहात धरला. आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून लाकडी शिक्का काढून दिला. मोहोरेसाठी उघडून ठेवलेल्या डबीतल्या शाईत डॉक्टरांनी तो टेकवला. मग बोटांत फिरवून चिमणीचे पाय वर आहेत ना, हे दोनदा पाहिलं. आणि उद्याच्या चौकोनावर दाबला.

"ओली आहे," कार्ड तिच्या उशाशी ठेवत ते म्हणाले. "इतक्यात उचलू नका तिला."