वासाची वाटणी

सासऱ्यांची खानावळ धक्क्यासमोर होती आणि सासरे गेल्यावर तिची वाटणी झाली. वाटणी करायला बेटावरचे चार शहाणे बसले. चौघांनाही थोरल्या सुनेने आधी जेवू घातलं होतं, त्यामुळे त्यांचं शहाणपण जेवल्या अन्नाला जागलं. समोरचा दिवाणखाना, टेबलं, खुर्च्या, पाटी आणि समुद्र थोरलीला. मागचं स्वयंपाकघर, चुली, पातेली आणि बोळ धाकटीला.

"खानावळीचं एकीला तोंड आणि एकीला पोट, असं कसं चालेल?" धाकटीच्या नवऱ्याने विचारलं. तो होडी चालवायचा. भरती-ओहोटीशी वाद घालता येत नाही, म्हणून एकूण वाद घालायची त्याची सवयच गेली होती. एवढं बोलला हेच पुष्कळ.

तेव्हा थोरली म्हणाली, अगदी मायेने, "अहो भावोजी, तिला समोर बसवून कसं चालेल? गुणाची आहे, हाताला चव आहे, सगळं खरं. पण तिच्या अंगाला माशाचा वास येतो. गिऱ्हाईक जवळ बसेल का?"

चार शहाणे हसले. एकाने तर नाकाला बोट लावलं. धाकटीने त्या दिवशी पहाटेपासून सगळ्यांच्या जेवणासाठी मासे साफ केले होते. त्यातलेच मासे खाऊन ही मंडळी तृप्त बसली होती. धाकटीने मनात डूख धरला.

दिवाणखाना आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये ताटं सरकवायची एक मोठी खिडकी होती. थोरलीने ती विटांनी बुजवून घेतली. बेटावर वीट होडीतून येते, आणि थोरली प्रत्येक गोष्ट जेमतेम मागवणारी. वर तुळईखाली दोन विटा कमी पडल्या आणि तेवढं भोक राहिलं. गवंडी म्हणाला, "पुढच्या खेपेला आणतो." गवंड्याची पुढची खेप म्हणजे काय हे घर बांधलेल्या माणसाला सांगायला नको. थोरलीने त्या भोकावर जहाजाचं एक चौकटीतलं चित्र टांगलं आणि विषय संपवला.

मग तिने दिवाणखान्याचा कायापालट केला. खाऱ्या वाऱ्याने टेबलावरचे कपडे चिकट होतात म्हणून समुद्राच्या बाजूला काचा बसवल्या, घट्ट. बाजूला गॅसच्या शेगड्या मांडल्या, पलीकडच्या शहरातून पांढऱ्या टोपीचा आचारी आणला. तो बर्फातले मासे पांढऱ्या सॉसमध्ये शिजवायचा. आणि या सगळ्यावर कळस म्हणून, आतली हवा बाहेर फेकणारा एक भलामोठा पंखा काचेत बसवला. "आमच्याकडे मासे मिळतात, पण माशाचा वास मिळत नाही," असं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायची. बाई तशी पहिल्यापासून नाकाने कांदे सोलणारी, आता तर तिने नाकाला पंखाच बसवला.

मागे धाकटीने बोळात दोन बाकं टाकली. पण बोळाच्या तोंडाशी थोरलीने आपले कचऱ्याचे डबे ठेवले. धक्क्यावर उतरलेला पाहुणा डबे बघायचा, वळायचा, काचांमागे जाऊन बसायचा. धाकटीकडे जेवायला यायचे ते खलाशी, टपालवाला, आणि ज्यांच्या बायका माहेरी गेल्या आहेत असे बेटावरचे नवरे.

पंखा सुरू झाला त्याच आठवड्यात धाकटीला एक गंमत दिसली. चुलीचा धूर रोज सरळ धुराड्यात जायचा. पलीकडे पंख्याची घरघर सुरू झाली की तो मान वाकडी करायचा आणि सुनेने माहेरची वाट धरावी तसा भिंतीकडे निघायचा. तुळईखालच्या त्या भोकात शिरून दिसेनासा व्हायचा.

ती हातातला डाव तसाच धरून बघत राहिली. मग तिला कळलं. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, तर रिकाम्या जागी दुसरी हवा यायला हवी. काचा बंद, दार आपोआप मिटणारं. हवा येणार कुठून? जहाजाच्या मागून. धाकटीच्या स्वयंपाकघरातून. जाऊबाई वास घालवायला जेवढा जोर लावणार, तेवढा तो ओढून घेणार.

तिने लगेच काही केलं नाही. उलट कढईवर झाकण ठेवायला लागली, फोडणी बोळात नेऊन करायला लागली. हत्यार मिळालं म्हणून कोणी रस्त्यात फिरवत बसत नाही.

वेळ आली ती हंगामाच्या तोंडावर. लाँच कंपनीने ठरवलं की यंदा आपले सगळे उतारू बेटावरच्या एकाच खानावळीत जेवायला पाठवायचे. खानावळ निवडायला कंपनीचे व्यवस्थापक स्वतः येणार होते. थोरलीने त्यांना जेवायचं आमंत्रण दिलं आणि त्या आनंदात ती बोळातून, डब्यांना वळसा घालून, वाटणीनंतर पहिल्यांदा मागच्या दारी आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"एकदा हे काम मिळालं की मला जागा कमी पडणार गं," ती म्हणाली. "तुझं हे असं पडूनच आहे. मला गोदामाला देऊन टाक. तूही सुटशील या राबण्यातून."

"बघू," धाकटी म्हणाली.

"बघू काय? खलाशांना जेवू घालून कोणाचं घर चाललंय? मी तुझ्या भल्याचं सांगते." आणि जाताना तिने रुमाल नाकाला लावला. सवयीने लावला असेल. पण लावला.

धाकटीने त्या दिवसापासून माशांची डोकी आणि आतडी एका बादलीत साठवायला घेतली. वर घट्ट झाकण. नवऱ्याने एकदा झाकण उघडलं आणि होडीतही कधी केलं नव्हतं ते त्याने केलं: ओकारी.

"हे काय आहे?"

"जाऊबाईंच्या पाहुण्यांसाठी. साहेब जेवायला बसले की हे निखाऱ्यावर टाकणार. तिला वास येतो ना माझा? घे म्हणावं."

"दादाला काय वाटेल?"

"भाऊजी दुपारचे झोपलेले असतात. त्यांना जे वाटायचं ते संध्याकाळी वाटेल."

व्यवस्थापक आले ते चांगले गोल, खाण्यावर प्रेम करून वाढवलेल्या देहाचे होते. धाकटी चुलीजवळ स्टुलावर चढून भोकाशी कान लावून उभी राहिली. निखारे फुललेले, बादली हाताशी. पलीकडे खुर्ची सरकली, काटे-चमचे वाजले. सूप आलं. साहेब सुपाबद्दल काही बोलले नाहीत.

"आमच्याकडे स्वच्छता फार," थोरलीचा आवाज आला. "बघा, मासे शिजतायत, पण वास येतो का कुठे?"

"नाही बुवा," साहेब म्हणाले. आवाजात कौतुक होतं की तक्रार, कळेना.

"मागे आमची धाकटी जाऊ राहते. कधीकधी तिच्याकडून येतो वास. बिचारीला स्वच्छतेचं भान नाही. काय करणार, आपलंच माणूस. थोडे दिवस आहे अजून, मग ती जागा मी घेतेच आहे. तोवर आलाच वास तर सांभाळून घ्या."

धाकटीचा हात बादलीच्या झाकणावर होता. तो तिथेच थांबला.

तिने साठवलेली ती घाण आत गेली असती तर काय झालं असतं? साहेबांनी नाक धरलं असतं आणि थोरलीने उसासा टाकून म्हटलं असतं, सांगितलं नव्हतं का मी? आपल्या विरुद्धचा पुरावा आपणच बादलीत भरून ठेवला होता. जाऊबाई वाटणीच्या दिवशी जे बोलली ते खरं करून दाखवायला आपण निघालो होतो, तेही स्वतःच्या हाताने.

तिने झाकण दाबून बसवलं आणि बादली बोळात नेऊन ठेवली. मग सकाळी नवऱ्याने आणलेले, घरच्यासाठी ठेवलेले मासे काढले. चुलीवर सासूबाईंची जाड बुडाची कढई चढवली. तेल तापलं तशी त्यात ठेचलेला लसूण टाकला, मग उभा चिरलेला कांदा. फोडणी बोळात नेली नाही. झाकण ठेवलं नाही. कांदा लाल झाला, त्यावर वाटण पडलं, ते तेल सोडेपर्यंत तिने परतलं, मग आंबटाचं पाणी ओतलं. कढईतून जो लोट उठला, तो क्षणभर धुराड्याकडे निघाला, थबकला, आणि वळला.

पलीकडे चमचा ठेवल्याचा आवाज झाला.

"हा वास कसला?" साहेबांनी विचारलं.

"बघा. म्हटलं नव्हतं? थांबा, पंखा वाढवते."

घरघर वाढली. कढईवरचा लोट ताणलेल्या दोरीसारखा सरळ भोकात गेला. धाकटीने मासे रश्श्यात सोडले.

"वाढतोय," साहेब म्हणाले.

"आणखी वाढवते. आता जाईल."

पंखा पूर्ण जोरात सुटला. पलीकडे भिंतीवर काहीतरी टकटक आपटायला लागलं. ते जहाज होतं. चौकट हेलकावे खात होती.

"बाई," साहेब म्हणाले, आणि त्यांची खुर्ची सरकली, "तुमचं जहाज चालायला लागलं. आणि तुमचा पंखा वास घालवतोय की आणतोय?"

"अहो, पुढचं ताट येतंय. सॉसमधला मासा आहे, खास तुमच्यासाठी..."

"त्याला जरा थांबवा. मी हे बघून येतो."

कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून साहेब बोळात आले ते नाकाच्या मागे चालत आले. बाकावर बसले. धाकटीने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही; तिने भात आणि रस्सा समोर ठेवला. त्यांनी हाताने कालवून खाल्लं, पुन्हा मागितलं, पुन्हा खाल्लं. थोरली बोळाच्या तोंडाशी, आपल्याच डब्यांमागे उभी होती. तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या आणि त्या फोडणीतल्या नव्हत्या.

"उतारू इथे जेवतील," हात धुताना साहेब म्हणाले. "पण लाँचभर माणसं या दोन बाकांवर बसवणार कशी?"

"टेबलं जाऊबाईंकडे आहेत," धाकटी म्हणाली.

"मग जेवण इथलं, टेबलं तिथली. तुमचं आपसातलं मला सांगू नका. जमत असेल तर आठवडाभरात कळवा. नाहीतर शेजारच्या बेटावर विचारतो."

आठवड्यातले बरेच दिवस थोरली फिरकली नाही. धाकटीचा नवरा घाबरला. "तूच जा. हंगाम हातचा जाईल."

"जाऊ दे गेला तर. मी खलाशांना जेवू घालीन. तिच्या काचा पाहुण्यांशिवाय काय खाणार?"

पांढऱ्या टोपीचा आचारी पगाराची चिंता बोलून दाखवायला लागला, तेव्हा थोरली आली. नाक मुठीत धरून आली म्हणतात तशी. या वेळी रुमाल नव्हता.

"झालं गेलं विसरून जाऊ गं," ती म्हणाली. "शेवटी आपण एकाच घरच्या."

"बसा ना जाऊबाई. तिथे नको. इथे, पाटावर."

पाट मोरीशी होता, माशांच्या टोपलीला लागून. थोरली बसली.

"भिंतीतली खिडकी उघडायची," धाकटी कांदा चिरत म्हणाली. "डबे हलवायचे. ताटं मी सरकवीन, वाढायचं तुम्ही. तुम्हाला माणसांशी बोलता येतं."

"हो, हो. तेच तर मी म्हणत होते," थोरलीचा चेहरा उजळला.

"आणि रोज सकाळी मासे साफ करायचे."

"त्याला एक बाई ठेवू की."

"बाई नको. तुम्ही."

थोरली बघत राहिली. "मी? अगं, मला समोर पाहुण्यांत वावरायचं..."

"म्हणूनच," धाकटी म्हणाली आणि विळी तिच्यासमोर सरकवली. "आजपासूनच करा. हात बसेल."

मग टोपलीतला पहिला मासा उचलल्याचा ओला आवाज आला. धाकटीने वळून बघितलं नाही. ऐकण्यातच गोडी जास्त होती.

हंगाम सुरू झाला. विटा निघाल्या, जहाज उतरलं, पंखा बंद झाला आणि काचा उघडल्या. उतारू पोटभर जेवू लागले. थोरली हसतमुखाने वाढायची. दर दोन ताटांमागे आत येऊन वास जावा म्हणून हातांना लिंबू चोळायची.

"जात नाही तो, जाऊबाई," धाकटी शांतपणे सांगायची. "मी सगळं करून बघितलंय."

एका दुपारी खिडकीतून तिला दिसलं: चांगल्या कपड्यांतल्या एका बाईच्या खांद्यावरून थोरली रस्सा वाढायला वाकली, आणि त्या बाईने हळूच, अगदी सभ्यपणे, खुर्ची पलीकडे सरकवली. रुमाल नाकाला लावला. थोरलीचा डाव हवेत तसाच राहिला. मग तिने कोपर अंगाशी घट्ट घेतलं आणि हात लांब करून, दुरूनच वाढलं.

धाकटीचा नवराही मागे उभा राहून बघत होता. "झालं समाधान?" त्याने विचारलं.

"चव लागली," ती म्हणाली. "पोट भरायचंय अजून."

दुसऱ्या दिवशी पहाटे होडी आली तेव्हा ती स्वतः धक्क्यावर गेली. मोठे, सोपे मासे बाजूला काढले, ते आपण साफ करायला ठेवले. थोरलीच्या टोपलीत तिने बोटाएवढे, काटेरी, चिकट खवल्यांचे मासे निवडून निवडून भरले, आणि टोपली नवऱ्याच्या डोक्यावर देताना वरून ओलं फडकं टाकलं. ताजे राहावेत म्हणून.