पहिला टेक

ल्युडीमावशीची बोटं घसरली आणि ऐन कडव्यात पियानोचा एक बेसूर ठोका खोलीभर घुमला. चर्चमध्ये एकतीस वर्षं वाजवताना तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

तिचा भाचा ओथा थांबला नाही. डोळे मिटून त्याने गाणं शेवटापर्यंत नेलं. घरी सरावाला गाण्यातल्या मुलीचं नाव मेबेल होतं. इथे मेम्फिसला, मायक्रोफोनसमोर, त्याच्या तोंडून निघालं डेल्फीन.

त्यांच्या गावात डेल्फीन एकच होती. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या गोऱ्या मालकाची मुलगी. काळा ओथा रोज सकाळी त्यांच्या मागच्या दाराशी बर्फाची लादी टाकायला जाई.

काचेपलीकडून हॅस्केलचा आवाज आला. स्टुडिओ त्याचा, टेपही तोच फिरवायचा.

“नाव बदललंस होय रे? झकास! मेबेल म्हणजे कुणाची तरी आजी वाटायची. आणि ल्युडी, तुला काय डुलकी लागली?”

“हात घामेजलेत, साहेब.”

“मग पूस आणि परत वाजव.”

स्टूल सरकवायच्या निमित्ताने ती ओथाकडे झुकली.

“मेबेल म्हण.”

“मावशी, नुसतं नाव आहे गं.”

“कॅल्विननं गोऱ्या पोरीला नुसतं नाताळचं कार्ड दिलं होतं.”

त्यांच्याच वस्तीतला कॅल्विन तीन दिवसांनी तळ्यात सापडला होता. त्याच्या शवपेटीला ओथाने खांदा दिला होता. आता तो गिटारची खुंटी उगाच पिळत राहिला.

“तिनं ऐकलं तर तिला कळेल,” तो पुटपुटला. “बाकी कुणाला काय कळतंय!”

मावशीने काचेकडे पाहिलं. या गोऱ्या माणसासमोर कारण सांगणं म्हणजे पोराला आपल्याच हाताने धरून देणं. तिने हात पियानोच्या पट्ट्यांवर ठेवले.

सगळ्यांचं गाणं-वाजवणं एकाच टेपवर एकदमच उतरायचं. एकाची चूक झाली की सगळ्यांचा टेक वाया. दुसऱ्या वेळी नाव आलं आणि मावशीने मुद्दाम भलतीच पट्टी दाबली. तिसऱ्या वेळीही. चौथ्या वेळी ती नावाआधीच थांबली.

“मावशी, आज देवानं तुमची रजा मंजूर केलीय वाटतं!” ड्रमवाला पर्विस खिदळला.

ती हसली नाही.

हॅस्केल काचेचं दार उघडून बाहेर आला.

“काय चाललंय काय?”

“डेल्फीन चालीत बसत नाही, साहेब. हात अडखळतो. मेबेलच बरं होतं.”

“तुझा हात अडखळतो म्हणून मी नाव बदलू?”

तो आत गेला. टेप उलटी फिरली आणि भोंग्यातून पहिला टेक वाजू लागला. नाव आलं, त्याच्याखाली तो ठोका आला. हॅस्केलने मान तिरकी केली. तेवढाच तुकडा त्याने पुन्हा लावला, मग आणखी एकदा.

“हाच!” तो ओरडला. “ऐका, नावापाशी काळजात कसं धस्स होतं! एकदा ऐकलं की ते नाव कुणी विसरणार नाही.”

“चूक आहे ती, साहेब.”

“असू दे. नंतरच्या तुझ्या चुका ठरवून केल्यासारख्या वाटतात, ही खरी वाटते. आत्ताच याची तबकडी बनवतो. तुमच्याकडचा रेडिओवाला माझा दोस्त आहे. सहाच्या बसनं पाठवली की उद्या दुपारी लावेल. गावच्या पोराचं गाणं आधी गावानं नको का ऐकायला?”

ओथा हसला. मग त्याने मावशीकडे पाहिलं, आणि हसू हळूहळू ओसरलं.

मावशीने पियानोचं झाकण लावलं, टोपी घातली. दोघं फुटपाथवर आली तेव्हा ऊन अजून कडक होतं.

“आपलीही बस सहाचीच ना, मावशी?” त्याने विचारलं.

“माझी सहाची.” तिने त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. “तुझी उत्तरेची, शिकागोची गाडी किती वाजता सुटते, ते आधी विचारून ये.”