गुणाबाईच्या पाटीवरचं नाव

मी गुणाबाईची पाटी बोलतेय, आणि आज मला गप्प बसवत नाही. दगडाची असले म्हणून काय झालं, राग मलाही येतो.

चांद्याच्या बाजारातून गुणाबाईच्या नवऱ्यानं, वारलूनं, मला पोंभुर्ण्याला आणलं. "घे, शीक," एवढंच म्हणाला. गुणाबाई गावच्या बाळंतपणांना धावणारी. त्याच्या आदल्या साली कुणीतरी न वाचताच औषधाची भलती बाटली पाजली आणि एक बाळंतीण तिच्या डोळ्यांदेखत गेली. चांद्याला सुईणीचं सरकारी शिक्षण निघणार होतं, पण बाटल्यांवर इंग्रजी, म्हणून इंग्रजी येणारीलाच जागा. तिनं हट्टच धरला.

शिकवायला दवाखान्याच्या कंपाउंडरची बायको, शमसुन्निसा. धान कांडून झालं की दोघी ओसरीवर बसत. गुणाबाईनं गिरवून गिरवून मला झिजवलं. पुस्तकात एके ठिकाणी नवऱ्याचं नाव विचारणारं वाक्य होतं. शमसुन्निसा स्वतः नवऱ्याला "कंपाउंडर साब" म्हणणारी. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "हे राहू दे बाई, पुढचं घे." दोघी हसल्या, मीही हसले. तिथंच घात झाला.

सत्तावन्न सालच्या माघात परीक्षेचे साहेब आले. बाटल्यांवरची नावं गुणाबाईनं घडाघडा वाचली. मग साहेबांनी खुर्चीत रेलून इंग्रजीत विचारलं, तुझ्या नवऱ्याचं नाव काय?

गुणाबाईची मान खाली. नाव घ्यायचं ते उखाण्यात, आणि इंग्रजीत उखाणा आणायचा कुठून? साहेबांनी पुन्हा विचारलं. मग "प्रश्नच कळत नाही हिला," म्हणून कागदावर रेघ ओढली आणि उठले.

कळत नाही? अहो, कळला म्हणूनच तर ती लाजली! न कळलेल्या प्रश्नाला कुणी लाजतं का? शिकल्यासवरल्या माणसाला एवढंही दिसू नये, याची मला अजून चीड येते.

बोलता येत नाही, पण लिहायला कुणाची ना आहे? तिनं घाईघाईनं माझ्यावर इंग्रजी अक्षरांत 'वारलू' लिहिलं आणि धावली. "साहेब, मले समजलं होतं! हे पाहा ना!" साहेब जीपमध्ये बसले होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

घरी वारलूनं त्या अक्षरांवर बोट ठेवलं. "काय लिवलं हाय?"

"तुमचंच हाय."

"मंग पुसून टाक न. दुसरं लिही."

"धन्याचं नाव मी माझ्या हातानं पुसू? अन् तुमीबी पुसू नका. साहेब आले म्हंजे दाखवीन."

दोन वर्षं झाली, मी कोनाड्यात उभी आहे. माझ्यावर नवं अक्षर पडलेलं नाही. कुणी अडली की गुणाबाई अजूनही धावते, पण औषधाच्या बाटलीला हात लावायची तिला मनाई आहे. ती लांबूनच वाचते.

साहेब, या एकदा. पेन्सिलीचं अक्षर आहे, फिकं होत चाललंय. पुरतं जायच्या आत वाचून जा.