यादीतून काढलेलं नाव

माझ्या बायकोचे, रंभाचे, हातपाय आधी गेले, मग आवाज गेला. नसांचा आजार. बुद्धी मात्र शाबूत होती. एका संशोधन संस्थेने तिच्या मेंदूवर बारीक तारा बसवल्या. ती मनात शब्द म्हणायची, तो पडद्यावर उमटायचा. शब्द मोजकेच होते: पाणी, दुखतंय, कूस बदला, घरच्यांची नावं.

पण मेंदूतले संकेत रोज बदलायचे. काल जुळलेलं आज जुळेना. म्हणून कामावर जाण्याआधी मी तिला एकेक शब्द दाखवायचो, ती तो मनात म्हणायची आणि मशीन नव्याने शिकायचं. चाकणला कंपनीत आम्ही शिफ्टच्या सुरुवातीला मास्टर पीसवर, म्हणजे पक्क्या मापाच्या नमुन्यावर, मोजायचं गेज जुळवून घेतो, तसंच. फक्त आमचा मास्टर बदलत नाही.

"रोहिदास" हा शब्द, म्हणजे माझं नाव, कधीच जुळला नाही. संस्थेची तेजस्विनी म्हणाली, "काका, या एका शब्दाने बाकीचेही बिघडतात. असंच राहिलं तर संकेत गेले असं धरतील आणि मशीन काढून नेतील."

माझी बहीण कुसुमताई आमच्याच गावात, कुरुळीत राहते. ती भाकरी थापता थापता हसली. "अगं पोरी, नवऱ्याचं नाव घ्यायला लावतीस व्हय तिला? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. मनात तरी कशी घेईल?" मग माझ्याकडे वळली. "आन् तू रं? बायको तुझी, तुला कळंना?"

रंभाचे डोळे हसत होते.

तेजस्विनीने माझं नाव काढून "अहो" घातलं. दुसऱ्या दिवशी सगळं जुळलं. मशीन राहिलं. मी कामावरून आलो की पडद्यावर "अहो" यायचं.

दिवाळीनंतर संकेत क्षीण होत गेले. "पाणी" गेलं, "दुखतंय" गेलं. आवाज नसल्याने तिला कण्हताही यायचं नाही, त्यामुळे दुखतंय की नाही ते कळायचं नाही. शेवटच्या सकाळी फक्त "अहो" जुळलं. दुपारी श्वास अडकला. ती माझ्याकडे बघत होती. ती काही म्हणतेय हे सांगणारा हिरवा दिवा पेटला, पण पडदा कोराच राहिला. थोड्या वेळाने दिवा विझला.

मशीन न्यायला आलेल्या तेजस्विनीने नोंद तपासली. "काका, संकेत स्पष्ट होता. पण तो 'अहो' नव्हता. यादीतला कुठलाच शब्द नव्हता. कोणता होता, ते आता सांगता येणार नाही."

तेजस्विनी गेल्यावर कुसुमताईने विचारलं, "काय म्हनली असंल रं?"

"पाणी मागितलं असेल," मी म्हणालो.