दुसरी नोंद

खरं सांगते, धाकट्या जावेचं मला काहीच सहन होत नाही. तिचं हसणं, कुणी न सांगता उठून पाणी आणणं, पेनाचं टोपण आठवणीनं लावणं, काही म्हणजे काहीच. लोक म्हणतील, थोरलीच्या पोटात दुखतं. दुखतं, मग? पोट माझंच आहे.

क्लास आधी मी लावला होता. चौदा वर्षं मी एका मोठ्या दुकानाच्या बिलिंग काउंटरला उभी आहे. रंगाचे डबे, नळ, पाइप, खिळे, सगळं माझ्या हाताखालून जातं. गुडघे बोलायला लागले तेव्हा ठरवलं, आता खुर्चीतलं काम शोधायचं. शनिवार-रविवारचा व्यवसाय व्यवस्थापनाचा कोर्स होता. त्यात संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र असा एक विषय, ज्याच्या नुसत्या नावानं निम्मी माणसं पळतात. मी नाही पळाले. रात्री जेवताना घरात सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, या वयात कसली आकडेमोड! आणि पुढच्या शनिवारी बघते तर काय, धाकटी माझ्या शेजारच्या खुर्चीवर नवी कोरी वही घेऊन हजर. म्हणे, तुम्ही जाताय म्हणून मलाही धीर आला. तिला मात्र सासूबाईंनी जाताना डबा भरून दिला होता.

शिकवणारे सर किडकिडीत आणि उंच. अख्खं शहर कशाला विचारत बसता, नमुना घ्या, पण नमुना नीट घ्या, असं तासात वीस वेळा म्हणायचे. वर्गानं त्यांचं नावच नमुना सर ठेवलं, आणि ते त्यांना सगळ्या बाजूंनी शोभायचं. पण शिकवायचे जीव तोडून. चूक दोन प्रकारची असते, त्यांनी एकदा फळ्यावर लिहिलं. एक हाताची चूक, ती कधी इकडे पडते, कधी तिकडे, आणि पुरेशी माणसं विचारली की बऱ्याचशा आपसांतच फिटतात. दुसरी चूक नेहमी एकाच बाजूला झुकते. ती हजार माणसं विचारली तरी जात नाही. अशी चूक दिसली तर शोध घ्या, म्हणाले, तिला कुठेतरी मालक असतो.

मला प्रत्येक गोष्ट चार वेळा समजून घ्यावी लागायची. धाकटीला एकदा. वर तीच मला समजवायला यायची. प्रमाणित विचलन मला महिनाभर डोक्यावरून जात होतं, तर ही भांडी पुसता पुसता म्हणाली, ताई, मोठे भाऊजी रोज सहाच्या आगेमागे पाच मिनिटांत घरी येतात, आमचे हे कधी चारला येतात आणि कधी आठला. सरासरी दोघांची सहाच, फरक आहे तो पसाऱ्याचा. झालं, एका वाक्यात डोक्यात शिरलं. समजलं म्हणून आनंद व्हावा की नाही? मला तिनं समजावलं याचाच संताप आला.

मग सरांनी जाहीर केलं की त्यांच्या ओळखीच्या एका सर्वेक्षण कंपनीत एक जागा आहे. ज्याचा प्रकल्प सगळ्यांत चांगला, त्याचं एकच नाव ते शेवटच्या सादरीकरणानंतरच्या सोमवारी पाठवणार. टेबल, खुर्ची, समोर संगणक. त्या रात्री गुडघ्याला मलम चोळताना मला ती खुर्ची डोळ्यांसमोर दिसत होती.

विषय मी आधी मांडला होता. बिलाच्या रांगेत जास्त वेळ गेला तर गिऱ्हाईक पुन्हा येतं का? धाकटी एका दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. तिनं लगेच हात वर केला. दवाखान्यात जास्त वाट पाहिली तर पेशंट पुन्हा येतो का? आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. सर मात्र खूश, म्हणाले, एकाच घरातले दोन अभ्यास ताडून बघता येतील.

दोघींनी साठ-साठ फॉर्म भरून घेतले. किती मिनिटं थांबलात, आणि पुन्हा याल का? एक म्हणजे मुळीच नाही, पाच म्हणजे नक्की. सहसंबंध नावाचा जो आकडा निघतो, तो शून्याजवळ आला तर दोन गोष्टींचं एकमेकींशी काही घेणंदेणं नाही, आणि शून्यापासून लांब गेला तर घट्ट नातं, मग सरळ असो की उलटं. माझा आला शून्य पॉइंट शून्य आठ. अहो, दोन महिने गिऱ्हाइकांच्या मागे कागद घेऊन धावले त्याचं फळ भोपळा! धाकटीनं त्याच संध्याकाळी ताट वाढता वाढता सांगितलं, तिचा उणे शून्य पॉइंट सहा चार. सासूबाईंना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, तरी म्हणाल्या, बघ, हिचा जास्त आलाय.

आता मुख्य गोष्ट. सरांची एक पद्धत होती. प्रत्येकाचे फॉर्म दोनदा संगणकात भरायचे, एकदा त्यानं आणि एकदा जोडीदारानं, एकमेकांचं न बघता. मग दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या, आणि जिथे आकडे जुळत नाहीत तिथे मूळ कागद काढून बघायचा. कुणाच्या गठ्ठ्यात किती नोंदी जुळल्या नाहीत ते सर वर्गात वाचून दाखवत, चूक कुणाचीही असो, नाव गठ्ठा ज्याचा त्याचं. साठात तीनच्या वर गेलं की म्हणत, हात सैल आहे. माझी जोडीदार कोण असणार? तिनं माझे साठ एका बैठकीत भरले, एकही फरक नाही. मग तिचा गठ्ठा माझ्याकडे आला.

चौदा नंबरचा फॉर्म मी चुकून चुकीचा भरला, देवाशपथ. बाईनं पन्नास मिनिटं वाट पाहून एकवर खूण केली होती, माझं बोट चारवर पडलं. पुसायला गेले आणि थांबले. मनात आलं, राहू दे. एक फरक निघेल, शोधत बसेल. मग वाटलं, एकानं काय होतंय, वर्गात नाव तर तीनच्या वर गेल्यावर निघतं. जिथे जिथे लांब वाट पाहून एक किंवा दोन लिहिलं होतं, तिथे मी चार आणि पाच करत गेले. एकूण अकरा. तिचा हात सैल आहे, एवढं एकदा सरांच्या तोंडून ऐकायचं होतं मला. त्यापलीकडे काही नाही. मूळ कागद बघून ती दुरुस्त करणारच होती ना.

शनिवारी सादरीकरण झालं. सरांनी वाचलं, साठात अकरा. हात फारच सैल, म्हणाले. वर्ग हसला, मीही हसले. मग त्यांनी सहसंबंध विचारला आणि धाकटी म्हणाली, उणे शून्य पॉइंट एक दोन. माझं हसणं तोंडातच राहिलं.

सरांनी विचारलं, “अकरा फरक निघाले तेव्हा काय केलंत?”

“ताईंची नोंद धरली, सर.”

“मूळ कागद काढून पाहिले?”

“नाही,” ती म्हणाली. “माझ्या अकराही नोंदी मला हव्या तशाच होत्या. तुम्हीच सांगितलं होतं, माणसाला हवं तेच दिसतं. आणि ताई चौदा वर्षं काउंटरला आहेत, त्यांचा आकडा चुकत नाही. त्यांच्याकडे कागद परत मागितले असते तर त्यांच्यावर शंका घेतल्यासारखं झालं असतं.”

सरांनी तिथेच तिचे गुण कापले. कागद न बघता निकाल मांडणं हे संशोधनच नव्हे, असं सगळ्यांसमोर ऐकवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, संबंध नाही हेही उत्तरच असतं, आणि ते न लपवता सांगणाऱ्या प्रामाणिक माणसाचं नाव मी सोमवारी पाठवणार. प्रामाणिक म्हणाले. मी खाली बघून वहीचं पान सरळ करत बसले.

घरी ती माझ्या आधी बोलली. सासूबाईंना म्हणाली, ताईंनी तपासलं नसतं तर मी खोटं उत्तर घेऊन मिरवलं असतं. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. थोरली पहिल्यापासून हुशार, म्हणाल्या. सोळा वर्षं या घरात आहे मी, आणि सोळा वर्षं या वाक्याची वाट बघत होते. आलं, ते हे असं. धाकटी पाणी घेऊन आली तेव्हा मी तिच्यावरच खेकसले.

रविवारी वर्गाला सुट्टी होती. दुपारी घर झोपलं होतं. माझ्या कपाटात चादरींखाली तिचा गठ्ठा होता तो काढला, संगणक लावला आणि तिला हाक मारली. म्हटलं, फॉर्म परत भरायचे, तू वाच, मी भरते. ती म्हणाली, झालं गेलं, आता कशाला? मी आवाज चढवला तशी बसली. पडद्यावर तिची जुनी नोंद, माझी जुनी नोंद आणि शेजारी एक रिकामा रकाना होता.

चौदाव्या कागदावर ती म्हणाली, पन्नास मिनिटं, एक. मी एक भरला. शेजारी माझा चार दिसत होता. तिनं पाहिलं आणि पुढचा कागद घेतला. एकोणिसाव्याला पुन्हा पाहिलं. चौथ्या वेळी तिनं वाचणं थांबवलं, पडद्यावरून उरलेले नंबर बघून गठ्ठ्यातले तेवढेच कागद उपसले आणि मांडीवर एकाखाली एक लावले. पेन्सिलीनं दोन रांगा लिहिल्या, कागदावरचा आकडा आणि माझा. मग एकेका जोडीवरून तिनं बोट फिरवलं. मला तेवढ्यात उठून जाता आलं असतं.

“ताई,” ती म्हणाली, “सगळे एकाच बाजूला गेलेत.”

“पहिला चुकून झाला,” मी म्हणाले. “बाकीचे दहा मी केले.”

मला वाटलं रडेल, सासूबाईंना उठवेल, निदान का म्हणून विचारेल. मी उत्तर तयार ठेवलं होतं, गुडघे, खुर्ची, नागोबा, सगळं. तिनं विचारलंच नाही. मीच म्हटलं, उद्या नाव जायच्या आधी सरांना मी सांगते, तुझ्यासमोर फोन लावते. सांगा, एवढंच ती म्हणाली. मग मांडीवरचे कागद पुन्हा नंबरवार लावले, गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.

“आता तुम्ही वाचा. मी भरते. आणि वाचून झालेला कागद माझ्याकडे द्या.”

मी पहिला कागद उचलला. दहा मिनिटं, पाच, असं वाचलं आणि तिच्या हातात दिला. तिनं तो नीट बघितला, आणि मगच आकडा भरला.