तिसरं वाक्य

दारातल्या टेबलावर छातीला लावायचे बिल्ले मांडले होते. आईने आपला उचलला, चष्मा कपाळावर सरकवला, बिल्ला हातभर लांब धरून वाचला.

"कुटुंबीय," ती म्हणाली. "एकतीस वर्षं, आठ देश, चौदा घरं मांडली नि मोडली, आणि हुद्दा काय मिळाला, तर कुटुंबीय."

"आई, हळू."

"हळूच बोलतेय. मोठ्याने बोलले असते तर एव्हाना बढती झाली असती."

लेकीला हसू आलं नाही. बिल्ले वाटणाऱ्या माणसाने तिला पाहून हात जोडले होते आणि लगेच मान खाली घातली होती. तो शिकाऊ होता. चाळिशी ओलांडलेला, कानशिलं पांढरी झालेली, दोन मुलांचा बाप, नुकताच बदलीने मायदेशी परतलेला. पण वकिलातीत रुजू झाला त्या दिवशी तिच्या वडिलांनी त्याला शिकाऊ म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आठ महिन्यांपूर्वी वडील गेल्याचा फोन त्यानेच केला होता. म्हणजे, करायला घेतला होता.

परदेशातल्या वकिलातींत नोकरी केलेल्यांचे आणि त्यांच्या घरच्यांचे आभार मानायला खात्याने हा समारंभ ठेवला होता. नोकरीवर असतानाच जे गेले त्यांच्या घरच्यांना पुढची रांग होती. लेक आईच्या सोबतीला म्हणून आली होती. खरं तर तिला शिकाऊला एक प्रश्न विचारायचा होता, आणि त्याच्या उत्तराची तिला धास्ती होती.

वडील वकिलातीत कारकून होते. परमुलखात आपला माणूस दगावला की त्याचे कागद करायचे, पेटी विमानात चढवायची आणि त्याआधी घरी कळवायचं, हे त्यांचं काम. बाकीचे ते एकमेकांवर ढकलत. वडिलांनी एकदा घेतलं ते कुणाला परत दिलं नाही. फोन जेवणाच्या टेबलाशेजारी असे, त्यामुळे लेक लहानपणापासून ते बोलणं ऐकत आली होती. वाक्यं तीनच. पहिलं, "तुमच्याजवळ कोण आहे? त्यांना जरा जवळ बसवून घ्या." दुसऱ्यात माणूस गेला हे सरळ सांगायचं, 'प्रकृती जरा गंभीर आहे' असली टोलवाटोलवी नाही. आणि तिसरं, "ते एकटे नव्हते. अमुक त्यांच्यापाशी होता." खरंच कुणी नसेल तर तिसरं वाक्य गिळायचं. "खोटा धीर देऊ नये," वडील म्हणत. "माणसं तो आयुष्यभर उलटून पालटून बघत बसतात." तिसऱ्या वाक्याविना फोन खाली ठेवला गेला की ते पानावर नुसते बसून राहत. आई काही न विचारता ताट झाकून ठेवी.

शिकाऊचा फोन आला तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि लेक वाचनालयात परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. आई मोतीबिंदू काढायला तिच्याकडे आलेली, वडील तिकडे एकटेच, "किरकोळ तपासण्यांसाठी" दोन दिवस इस्पितळात.

"ताई, तुमच्याजवळ कोण आहे? त्यांना जरा..."

वाक्य पुरं व्हायच्या आत तिला सगळं कळलं. तिने फोन तोडला. पुढचं सारं नवऱ्याने निस्तरलं, पण शेवटी जवळ कोण होतं हे त्यानेही विचारलं नाही. शिकाऊने तिला पुन्हा फोन केला नाही, आणि तिच्या मनाने घेतलं की तिसरं वाक्य नव्हतंच. असतं तर तो सांगितल्यावाचून राहिला असता का?

त्यात मोज्यांची भर. वडिलांच्या सामानाबरोबर शिकाऊच्या हातची यादी आली होती. सतरावी नोंद: जाड मोजे, मरून, एक जोड. आईने ते उलटेसुलटे करून पाहिले. "हे ह्यांचे नव्हेत. ह्यांना मरून रंग डोळ्यांसमोर खपत नसे. आणि माप बघ, होड्याच आहेत!" म्हणजे कुणा परक्याचे. ओळखीचं माणूस जवळ असतं तर एवढंही कळलं नसतं? त्या मोज्यांवरून लेकीने मनात एक रिकामी खोली उभी केली होती, आणि आठ महिने ती तिथेच जाऊन बसत होती.

व्यासपीठावर बडे साहेब बोलत होते. त्याग, निष्ठा, देशाचा चेहरा. चाळीस मिनिटं झाली.

"भाषण लांबलं की आभार पातळ होतात," आई पुटपुटली.

चहाच्या वेळी आईला जुन्या शेजारणींनी घेरलं. लेक कप घेऊन दारातल्या टेबलापाशी गेली.

"मी तुमचा फोन तोडला होता."

"हो, ताई."

"परत का नाही केलात?"

शिकाऊने उरलेले बिल्ले एकावर एक रचले. "साहेबांची, म्हणजे तुमच्या बाबांची ताकीद होती. इस्पितळात म्हणाले, काही कमीजास्त झालं तर फोन तू करायचास. पोरगी पहिल्याच वाक्याला ठेवून देईल, मी ओळखून आहे तिला. मागे लागू नकोस. ती विचारील तेव्हा सांग, आणि मग एक अक्षर गाळू नकोस." त्याने वर पाहिलं. "आठ महिने वाट बघतोय. बायको म्हणते, तुम्ही झोपेतसुद्धा हॅलो हॅलो करता."

लेकीने कप दोन्ही हातांत घट्ट धरला. "मग विचारते. शेवटी बाबांजवळ कोण होतं?"

"ते एकटे नव्हते," शिकाऊ म्हणाला, थेट वडिलांच्या ठेक्यात. "पैलवान त्यांच्यापाशी होता."

पैलवान म्हणजे वकिलातीचा ड्रायव्हर. तिकडचाच माणूस, अंगाने काडी, पावलं तेवढी भलीमोठी. नाव अर्थातच वडिलांनी ठेवलेलं.

"मी नव्हतो, ताई. खरं ते सांगतो. सह्यांसाठी ऑफिसात गेलो होतो. पैलवानाला म्हटलं, तू गाडीपाशी थांब. म्हणाला, गाडीला कसली सोबत? आणि वर जाऊन बसला. साहेबांचे पाय गार पडले होते. नर्स ब्लँकेट आणायला गेली, तोवर ह्याने स्वतःच्या पायातले मोजे काढले आणि साहेबांना चढवले."

"मरून," लेक म्हणाली.

"मरून. साहेब कुरकुरले, 'हा काय रंग आहे का रे?' पैलवानाला आपली भाषा येते चार शब्द, पण हे त्याला बरोबर कळलं. म्हणाला, 'बरे व्हा, मग फेका.' साहेब हसले. त्याचा हात हातातच होता. डोळे मिटले, ते मिटलेच. पैलवान दिवसभर बिनमोज्यांचा गाडी हाकत होता. परत मागितले नाहीत त्याने. मग मीच यादीत लिहिले. साहेबांच्या अंगावर होते, म्हणजे साहेबांचे."

लेकीने कप खाली ठेवला. ती वळली आणि शेजारणींच्या घोळक्यातून आईचा हात धरून तिला खुर्चीपाशी घेऊन आली.

"आई, जरा इथे बस. माझ्याजवळ."

आईचा चेहरा पांढरा पडला. ते वाक्य तिनेही एकतीस वर्षं ऐकलं होतं. "आता कोण गं?"

"कुणी नाही. बाबांचंच. तिसरं राहिलं होतं."

तिने सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही.

"मरून मोजे घातले ह्यांनी?"

"घातले."

"काही न बोलता?"

"कुरकुरले म्हणे."

"हां," आई म्हणाली. "मग हेच होते ते." आणि पदराने डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं, इतकं की शेजारणी वळून पाहू लागल्या. मग तिने शिकाऊला खूण करून बोलावलं. "मी धुऊन ठेवलेत रे ते. पैलवानाचे त्याला पोचवायला हवेत. वकिलातीची टपालथैली अजून गुरुवारीच निघते ना?"

"काकू, थैलीत खासगी सामान चालत नाही."

"मला सांगतोस? एकतीस वर्षांत ह्यांनी एक बटण पाठवू दिलं नाही मला त्यातून. साध्या पोस्टाने पाठवू. सोबत आभाराचं पत्र." ती लेकीकडे वळली. "तू लिही. आणि त्या बड्या साहेबांसारखं पाल्हाळ नको."

"त्याच्या भाषेत मी करून देतो," म्हणत शिकाऊने पेन पुढे केलं. लेकीने कार्यक्रमपत्रिका पालथी केली आणि लिहिलं: पैलवानदादा, आमचे बाबा एकटे नव्हते, हे आज कळलं.

आईने वाकून वाचलं.

"पुरे," ती म्हणाली. "तेवढं मोज्यांचं लिही फक्त. रंग चांगला आहे म्हणावं."