काळ्या पडद्याआधीची अक्षरं

मित्रांनो, मी रेवदंड्याच्या एका सुपारीच्या वाडीतला जुना संगणक आहे. माझे भाग कुठे कुठे तयार झाले ते मला ठाऊक नाही, पण त्यांची जुळणी अलिबागच्या दुकानात झाली. चित्रं सुरेख दिसावीत म्हणून मला वेगळं ग्राफिक्स कार्डही बसवलं. मैथिली सून म्हणून घरात आली आणि माझे दिवस पालटले. गावातल्या लग्नपत्रिका, आरत्यांची पुस्तकं, सगळं ती माझ्यावर मांडायची. "हिचा हात बसलाय यावर," तिच्या सासूबाई, गोदावरीबाई, येईल त्याला सांगायच्या.

मग वल्लरी जन्मली. माझ्यावर दुपटं पडलं, दुपट्यावर खेळणी. मी रागावलो नाही.

परवा एका छापखान्यानं मैथिलीला घरबसल्या पुस्तकं मांडायचं काम देऊ केलं. संध्याकाळपर्यंत हो-नाही कळवायचं होतं. माझी जुनी प्रणाली आता उघडत नव्हती. म्हणून तिनं पेनड्राइव्हवरून लिनक्स ही नवी प्रणाली घालायला घेतली. अक्षरं झरझर उमटली आणि पडदा काळा झाला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा काळा.

आमच्याकडे काहीही बिघडलं की दोष खाऱ्या हवेचा. खिडकीचे गज, पंखा, स्कूटर, सगळं तिनंच खाल्लेलं असतं. गोदावरीबाईंनी मैथिलीला माझं झाकण उघडायला लावलं, मला ब्रशनं झाडलं आणि अंगणात सुपारीशेजारी उन्हात ठेवलं. मांजर येऊन माझ्या पोटात डोकावून गेली. पुन्हा सुरू केलं, पडदा मात्र तसाच काळा.

तेवढ्यात भंगारवाला विनेश दारात आला. "वैनी, खाऱ्या हवेनं खाल्लाय त्याला. द्या मना. उगाच जागा अडवतंय."

"जागा आमची अडते ना? तुझी नाही," गोदावरीबाई म्हणाल्या. मग हळूच सुनेला म्हणाल्या, "दे गो देऊन. छापखान्याला नाही कळव. पोर लहान आहे अजून."

मैथिलीनं वल्लरीला मांडीवर घेतलं आणि मला आणखी एकदा सुरू केलं.

"आई, बघा ना. खाल्लं असतं तर ही अक्षरं तरी कशी दिसली असती? आणि दर वेळी त्याच ओळीनंतर अंधार होतो."

तिनं त्या ओळीचा फोटो काढून भावाला, कुशलला पाठवला. तो न्हावा शेव्याला एका कचेरीत संगणक सांभाळतो. त्याचा लगेच फोन आला.

"ताई, हे ड्रायव्हरचं नाव आहे. ग्राफिक्स कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम. तुझ्या जुन्या कार्डाशी त्याचं पटत नाही. त्याला आत घेऊच नको."

"मी कुठे घेतेय? तोच घुसतोय."

"म्हणून तर दारातच अडवायचा. मी सांगतो तसं लिही."

सुरुवातीच्या आज्ञेत तिनं शब्द जोडले: हा ड्रायव्हर घेऊ नये. अक्षरं उमटली, ती ओळ आलीच नाही, आणि माझा पडदा उजळला. नवी प्रणाली शांतपणे आत उतरली.

"आता तिच्यातही कायमचं लिहून ठेव," कुशल म्हणाला. "नाहीतर उद्या पाहुणा परत हजर."

चित्रं आता थोडी साधी दिसतात, अक्षरं मात्र स्वच्छ. मैथिलीनं छापखान्याला फोन लावला. "हो, मी करते," एवढंच म्हणाली. विनेश रिकामी हातगाडी ढकलत पुढच्या आळीत गेला.

मित्रांनो, एखादं यंत्र थांबलं तर त्याला लगेच निकालात काढू नका. ते कुठवर नीट चाललं आणि नेमकं कुठे अडलं, एवढं निवांतपणे बघा. माझ्याकडे एकीनं तसं बघितलं, म्हणून आज माझ्या पडद्यावर एका पुस्तकाचं पहिलं पान आहे.